औषध की दारू? मैंदर्गीहून सोलापूरच्या अबकारी कचेरीपर्यंत

माघ संपत आला होता. सकाळी मळ्यात गेले तर आमचे हे वेलांपुढं कुऱ्हाड घेऊन उभे. पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेले द्राक्षाचे वेल, आणि त्यांवर पाणी भरत आलेले हिरवे घड.

"काय करताय?" मी विचारलं.

"काही नाही. हे काढलं तर इथं ज्वारी चांगली येईल, असं बघत होतो."

आमच्या घरी वैदकी आहे. गावात ह्यांना वैद्यअण्णा म्हणतात. वेल मामंजींनी लावले आणि त्यांच्या द्राक्षांचं आसव करायला त्यांनीच सुरुवात केली. द्राक्षं कुस्करून उकळायची, त्यात गूळ, धायटीची फुलं, दालचिनी, वेलची, नागकेशर घालायचं, तुपाचा हात फिरवलेल्या रांजणात भरून तोंडाला कापडमाती लावायची, आणि मग रांजण धान्याच्या राशीत पुरून वाट बघायची. बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला हे आसव चमचा-दोन चमचे देतात. सोलापुरात नरसय्यांच्या औषधाच्या दुकानातही आमच्या बाटल्या जायच्या.

गेल्या दिवाळीच्या आधी त्या बाटल्या चौकीवर अडल्या. मैंदर्गी संस्थानी मुलखात आणि सोलापूर खालशात, म्हणजे इंग्रजांच्या अंमलात. मधे अबकारीची चौकी. हवालदारानं बूच काढून वास घेतला आणि म्हणाला, दारू. ह्यांना दिवसभर चौकीपुढं जमिनीवर बसवून ठेवलं. बाजाराला जाणारे लोक, ज्यांच्या घरची दुखणी ह्यांनी काढली होती, ते समोरून जात राहिले. संध्याकाळी माल जप्त करून, पुन्हा आणलात तर खटला भरू असा दम देऊन सोडलं. कोठारातल्या तीन भरल्या रांजणांकडं त्यानंतर त्यांनी पाहिलंही नव्हतं.

मी त्यांच्या हातातली कुऱ्हाड घेतली.

"सोलापूरला जाऊ. अबकारीच्या मोठ्या साहेबांना विचारू. ते तोंडावर नाही म्हणाले तर वेल मीच तोडीन. त्यांनी नाही म्हणायच्या आधी मात्र एक फांदी तुटायची नाही."

"विचारून काय होणार?"

"आजवर कुणी विचारलंय का?"

हे गाडीच्या चाकांना वंगण घालायला वळले.

आमच्याकडून सोलापूरला जायला दोन वाटा आहेत. दुधनीला जाऊन आगगाडी धरली तर चालतं, बैलांचे हाल कमी होतात. दुसरी वाट अक्कलकोटवरून. तुम्ही नुसते फिरायला निघाला असाल तर दुधनीच बरी. आम्ही अक्कलकोटची वाट धरली, कारण चौकी त्या वाटेवर होती आणि मला ती चुकवायची नव्हती. जिथं खाली बसवलं तिथूनच उभ्यानं जायचं होतं.

पहाटे बैलगाडी जोडली. बरोबर शेंगाचटणी, कडक भाकरी आणि फडक्यात गुंडाळलेली आसवाची एकच बाटली. रस्ता काळ्या रानातून जातो. दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चालू होती. कापलेल्या ताटांचा गोडसर वास होता, आणि चाकोऱ्या इतक्या खोल की गाडीवानानं कासरा सोडला तरी गाडी वाट सोडत नव्हती. हाडं मात्र खिळखिळी होतात. खाली गवताचा जाड थर आणि वर वाकळ घ्याच.

अक्कलकोटला मठाजवळ एका बाईंची खानावळ आहे. दारात पाय ठेवला की "बर्री, बर्री, ऊटा आतेन्री?" म्हणून कानडीत जेवणाची चौकशी होते, आणि उत्तराची वाट न बघता पान वाढलं जातं. पालेभाजीचा गरगट्टा, भाकरी आणि शेवटी गव्हाची गोड हुग्गी. पैसे इतके कमी घेतात की ह्यांनी परत विचारून खात्री केली. तिथून गाडी परत पाठवली आणि स्टेशनला जाणाऱ्या मोटारीत बसलो. मोटार भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं मोटारवाल्याला कधीच वाटत नाही. घाई असेल तर टांगा करावा.

स्टेशनच्या अलीकडं चौकी. मोटार थांबली. हवालदार तोच.

"फिर आ गए, बैदजी?"

हे जागेवरच अंग चोरून बसले. मी खाली उतरले आणि फडकं सोडून बाटली त्याच्यापुढं धरली.

"ये क्या है, बाई?"

"द्राक्षासव. औषध आहे."

"दवा है तो बू दारू की कायकू आती?"

"तेच विचारायला मोठ्या साहेबांकडं चाललोय. वाटेत आम्ही काही काढलं-घातलं असं कुणी म्हणायला नको. तुम्हीच लाखेचा शिक्का मारून द्या. साहेबांपुढंच फुटेल."

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं. आपल्या मालावर आपणहून शिक्का मागणारं माणूस त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटत होतं. मोटारीतले लोक माना बाहेर काढून बघत होते. शेवटी त्यानं लाख वितळवली, बुचावर शिक्का दाबला आणि चिठ्ठी लिहून दिली.

"हौ, ये बात सीधी है. पन रस्ते में खोलना नक्को."

मोटारीत बसल्यावर ह्यांनी चिठ्ठी वाचून नीट घडी करून ठेवली. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, परत खाली बसवतात." मी म्हटलं, "मलाही. म्हणून तर मी आधी उतरले."

आगगाडीत गर्दी होती. होटगीला विजापूरकडची माणसं उतरली तेव्हा कुठं खिडकी मिळाली. त्यानंतर थोड्याच वेळात लांबून गिरणीची धुराडी दिसू लागतात. सोलापूर माझं माहेर. आईवडील आता राहिले नाहीत, घरही दुसऱ्यांचं झालं, पण ती धुराडी दिसली की मी अजून सावरून बसते.

उतरलो साखर पेठेत, नरसय्यांकडं. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि शेजारीपाजारी सगळीकडं माग. त्या पेठेत पहिल्यांदा राहणाऱ्यानं मागांच्या खटखटीची तयारी ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती ऐकू येईनाशी होते. नरसय्यांची बायको, राजव्वा, तेलुगूत "कूर्चोंडी अम्मा" म्हणत पाट मांडत होती आणि मराठीत आम्हाला रागावत होती.

"चार महिने झाले, एक बाटली नाही. बाया दुकानात येऊन मलाच बोलतात. काय सांगू त्यांना?"

"सांगा, सरकार विचार करतंय," नरसय्या म्हणाले.

"सरकारला बाळंतपण आलंय का कधी?"

त्या दिवसांत पहिल्यांदा हे हसले.

दुसऱ्या दिवशी कचेरी. तिथल्या कारकुनानं आमचं म्हणणं ऐकलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"औषध असेल तर आमच्याकडं का आलात? आणि दारू असेल तर परवाना कुठं आहे?"

"औषध आहे, पण तुमचे लोक दारू म्हणतात," मी म्हटलं.

"मग दारूच. परवाना काढा."

"कुठला?"

त्यानं परवान्यांची नावं सांगितली. ताडीचा, देशी दारूच्या दुकानाचा, विलायती दारू विकण्याचा, भट्टीचा. आमच्यासारख्यांचा त्यात कुठंच नव्हता. साहेब बार्शीकडं फिरतीवर गेले होते. उद्या या, म्हणाला.

हाती दिवस होता म्हणून भुईकोट किल्ल्याला वळसा घालून सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. बाहेरून येणाऱ्यानं उन्हं कलताना जावं. पाण्याच्या मधोमध देऊळ, किल्ल्याच्या भिंतीची सावली पाण्यावर, आणि गिरणीचा भोंगा झाला की पाखरांचा थवा एकदम उठतो. हे पायऱ्यांवर बसून राहिले. बाटली माझ्याजवळ पिशवीत होती. ती मी बिऱ्हाडी ठेवायला तयार नव्हते.

परतताना एका दारूच्या दुकानापुढं खादीच्या पातळातल्या काही बायका गिऱ्हाइकांना हात जोडून माघारी पाठवत होत्या. त्यांच्यातल्या एकीला माझ्या पिशवीतून डोकावणारं लाखेचं बूच दिसलं.

"बाई, तुमच्यासारख्या घरंदाज बाईनं हे घेऊन फिरावं?"

"औषध आहे हो ते. सरकार त्याला दारू म्हणतं, आता तुम्हीही म्हणा. तुमचं आणि सरकारचं एवढं तरी जुळलं!"

माझा आवाज चढला होता. त्या बाईनं मला बाजूला घेऊन सगळं नीट विचारलं. मीही सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "परवाना मिळाला तर दुकान कुठलं ते कळवा. उगाच चुकून तिथं येऊन बसायला नको." चेष्टा नव्हती तिच्या बोलण्यात. तिच्यापुरता तो खरोखरचा प्रश्न होता.

साहेब भेटले त्या दिवशी नरसय्याही दुकान राजव्वावर टाकून आमच्याबरोबर आले. साहेब मराठी बोलणारे, उतरत्या वयाचे, फिरतीनं दमलेले. आधी त्यांनी शिक्का पाहिला, चिठ्ठी वाचली आणि मान हलवली. मग शिपायाला सांगून काचेच्या नळ्यांचं एक उपकरण मांडलं. आमच्यासमोर बाटली फुटली. थोडं आसव नळीत उकळलं, दुसऱ्या टोकाला थेंब थेंब गोळा केलं, मापलं.

"ह्यात दारू आहे, वैद्यबुवा."

मी तोंड उघडणार तेवढ्यात हेच बोलले. तोवर कचेरीत मीच बोलत आले होते.

"आहे, साहेब. नाही म्हणत नाही. आम्ही वरून ओतत नाही, ती आतल्या आत तयार होते. ती नसेल तर औषध टिकत नाही आणि अंगी लागत नाही. पण कुणी झिंगायला हे पिऊ लागला तर गोडानं आणि दालचिनीनं त्याचं पोट आधी बंड करील."

साहेब हसले. नरसय्यांकडं वळून त्यांनी विचारलं, "घेतं कोण?"

"गिरणीतल्या बाया, साहेब. बाळंत झाल्या की लवकर कामावर जावं लागतं. अंगात ताकद नसती. चमच्यानं मोजून नेतात. पुरुष गिऱ्हाईक आलं तर घरात कोण आजारी आहे, ते मी विचारतो. मग देतो."

साहेबांनी कायद्याचं जाडजूड पुस्तक उघडून आम्हाला समजावून सांगितलं. असा माल करायचा तर कोठाराला सरकारी कुलूप लागतं. किल्ली सरकारी माणसाकडं राहते. तो माणूस बारा महिने तिथं बसतो आणि त्याचा पगार कोठारवाल्यानं भरायचा.

"आमचे सगळे रांजण विकले तरी त्याचा पगार निघायचा नाही," मी म्हटलं. "त्याला पोसायला आम्हाला खरंच दारू गाळावी लागेल."

"बाई, हा नियम कारखान्यांसाठी केलाय. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं तुमच्यासारखं लहान माणूस नव्हतंच."

"आता तुमच्या डोळ्यांपुढं आहे. दोघं आहेत."

हे माझ्याकडं बघतच राहिले. साहेबांनी पुस्तक मिटलं नाही. पानं उलटत राहिले, कारकुनाला बोलावून काहीतरी विचारलं, परत पानं उलटली. बाहेर भोंगा झाला. शेवटी म्हणाले, "थोडी मोकळीक माझ्या हातात आहे. तेवढी वापरतो."

मिळालं ते असं. एका हंगामापुरती परवानगी. स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांचंच आसव. रांजण भरताना संस्थानच्या अधिकाऱ्याचा शिक्का, चौकीवर आणल्यावर खालशाचा शिक्का. एकाच वाटेनं नेणं, एकाच दुकानात विकणं, बाटलीवर औषध म्हणून नाव आणि मात्रा. पुढच्या वर्षी पुन्हा यायचं, पुन्हा मागायचं. तुमच्यापैकी कुणी असं काही करत असेल तर माझं सांगणं एवढंच, की कारकुनाच्या "उद्या या"वर माघारी जाऊ नका. उद्या खरंच जा.

मी हात जोडले, तोच साहेब म्हणाले, "एक गोष्ट राहिली. परवानगीआधी केलेला माल चालणार नाही. तो नष्ट करावा लागेल. किती आहे?"

कोठारातल्या रांजणांपैकी एक मामंजींनी स्वतःच्या हातानं भरलेला होता. तो भरला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते वारले. त्यानंतर आम्ही तो कधीच फोडला नव्हता, कारण मुरलेलं आसव म्हणजे औषधाचा राजा, आणि कारण तो त्यांचा होता. आमचं कोठार संस्थानात. साहेबांचा माणूस तिथं पाऊल टाकू शकत नव्हता. आम्ही सांगू तोच आकडा कागदावर चढणार होता. माझ्या जिभेवर 'दोन' आलंच होतं.

"तीन," हे म्हणाले.

"अहो!"

"तीन आहेत, साहेब. कुठं आणू?"

"चौकीवर. हवालदारापुढं ओतायचं."

बाहेर आल्यावर कचेरीच्या कडुनिंबाखाली मी त्यांच्यावर तुटून पडले. कुऱ्हाड मी काढून घेतली, वाटेत मी बोलले, साहेबांशी मी भांडले, आणि तुम्ही एका शब्दात मामंजींचा रांजण देऊन टाकलात. नरसय्या बिचारे लांब जाऊन उभे राहिले.

ह्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "एक रांजण लपवला असता तर उद्या आपल्या कुठल्याही बाटलीवर कुणीही बोट ठेवलं असतं आणि मला मान खाली घालावी लागली असती. मला परत त्या जमिनीवर बसायचं नाही. वडिलांचा रांजण गेला तरी वेल वडिलांचेच आहेत ना."

मला ते पटलं नाही. तेव्हा तर मुळीच नाही. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले आणि होटगी कधी आलं ते मला कळलं नाही.

घरी आल्यावर ह्यांनी धान्याची रास उपसून रांजण बाहेर काढले, गवतात नीट रचले आणि गाडी स्वतः हाकली. मी येणार नाही असं म्हणाले होते. गाडी वेशीपर्यंत गेली तेव्हा मागून जाऊन बसले.

चौकीवर हवालदारानं कागद वाचला. रांजण मोजले. चौकीमागं मुरमाड जमीन होती, तिकडं बोट दाखवलं. पहिले दोन रांजण शिपायांनी उलटे केले. तिसऱ्याला ह्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. कापडमाती स्वतः फोडली. वास आला आणि चौकीतले दोघे-तिघे उठून बाहेर आले. तो वास कसा सांगू? वेलचीचा होता, उसाच्या गुऱ्हाळाचा होता, जुन्या लाकडी पेटीचाही होता. वाटसरू थबकून उभे राहिले. ह्यांनी बोट बुडवून कपाळाला लावलं आणि रांजण हळूहळू कलता केला. काळसर लाल धार मुरमात शिरत गेली. मी हुंदका आवरला नाही.

हवालदारानं चौकीतून पाण्याचा तांब्या आणला, ह्यांच्या हातावर पाणी घातलं आणि आपली बाजेवरची जागा झटकून म्हणाला, "बैठो, बैदजी. ऊपर बैठो."

हे बसले. रीतसर पावती होईपर्यंत बाजेवर बसून होते, आणि हवालदार उभा राहून लिहीत होता.

होळी झाली आणि द्राक्षं उतरली. आम्ही दोघांनी मिळून रांजण भरले. संस्थानचे अधिकारी आले, सुपारी खात शिक्के मारून गेले. घरात अजून कधी कधी तो तिसरा रांजण आठवतो आणि मी ह्यांच्याशी तुटक बोलते. मग माझं मीच बोलणं सुधारते. पुढच्या माघात परत जायचं आहे. नियम बदलले असतील, साहेब बदलले असतील, कदाचित परवानगी मिळणारही नाही. तरी जायचं हे ठरलंय, आणि ते कुणी ठरवलं ते दोघांनाही सांगता येणार नाही.

काल दुपारी कोठारात गेले तर हे धान्याच्या राशीवर ओणवे होऊन शिक्का मारलेल्या रांजणाला कान लावून होते. मला खुणेनं जवळ बोलावलं. मीही कान लावला. आत खोलवर बारीक बारीक बुडबुडे फुटण्याचा आवाज येत होता, भाताला पहिली उकळी यावी तसा.

"चाललंय," ते म्हणाले.

"चालू दे," मी म्हटलं.